मागचा परवा, पुढचा परवा

११ ऑक्टोबर

चि. छोटीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे आज रोखून धरले आहेत. का, ते पत्र संपेपर्यंत कळेल.

काल तुझा जपानी चित्रपट आमच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दाखवला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि मग तू ठेवून देतेस. पत्रही मध्येच ठेवता येतं, पण ते मला कळत नाही, म्हणजे अपमान होत नाही.

शाळकरी मुलांची गोष्ट, म्हणून मी तीन शाळांत पत्रकं वाटून आले. त्यावर शाळकरी मूल आलं एक, ती तुझी भाची, आणि तीही मी दाराशी तिकिटं फाडायला बसवली होती म्हणून. बाकी अठ्ठावन्न माणसं पन्नाशीच्या पुढची. सोळा वर्षांच्या मुलीने काळात मागे जावं की जाऊ नये, यावर गुडघेदुखीवाल्यांचं एकमत होईना.

खेळ संपल्यावर आम्ही प्रत्येकाला अभिप्रायासाठी एक कार्ड देतो. जुन्या ग्रंथसूचीची कार्डं आहेत, पाठ कोरी असते. या खेपेला मी हौसेने एक प्रश्नही छापून घेतला: तुम्हाला मागे जाता आलं, तर कुठल्या दिवशी जाल? ही हौस मला भोवली. गणिताच्या निवृत्त मास्तरांनी उत्तर दिलं नाही, आकृती काढली. मुलगी अकरा वेळा दोन-दोन दिवस मागे जाते, तेव्हा शेवटी ती वर्गातल्या मैत्रिणींपेक्षा बावीस दिवसांनी मोठी व्हायला हवी, हे दिग्दर्शकाच्या ध्यानात आलेलं नाही, असं सिद्ध करून त्यांनी खाली सही ठोकली. शिवणकामवाल्या बाईंना मुलीच्या गणवेशाचं कापड हवं आहे, कारण पावणेदोन तास वाऱ्यात उडून एकही चुणी मोडली नाही. दातांच्या डॉक्टरांची तक्रार अशी की सगळ्या मुलांच्या तोंडात एकेक पांढरी पट्टी बसवली आहे, दात सुटे काढायला काय झालं होतं. उशी घेऊन येणाऱ्या आजी नावं संपायच्या आत झोपल्या आणि दिवे लागल्यावर उठल्या. त्यांचा अभिप्राय: मधला भाग जरा संथ. एका जोडप्याने दोघांत मिळून एकच कार्ड घेतलं. नवऱ्याने लिहिलं की लग्नाच्या आदल्या दिवशी जाईन. खाली बायकोच्या अक्षरात: त्याही दिवशी तुम्ही उशिराच आला होतात.

प्राध्यापकांनी तीन कार्डं टाचणीने जोडून दिली. त्यांना चित्रपटात सगळं दिसलं, फक्त ती मुलगी दिसली नाही.

आता रोखलेल्या आशीर्वादांबद्दल. शाळेच्या ध्वनिक्षेपकाच्या खोलीतली जुनी टेप उलटी फिरवली की मुलगी दोन दिवस मागे जाते आणि सुलटी फिरवली की मुलगा दोन दिवस पुढे, हे सगळ्यांना कळलं, आजी सोडून. पण शेवटी टेप तुटायला आली आहे, दोघं फाटकाशी उभी आहेत, तो एक शब्द बोलतो, ती एक शब्द बोलते, आणि खाली तुझी मराठी अक्षरं उमटतात. त्याच्या तोंडी, परवा. तिच्या तोंडी, परवा. टेप तुटते, मुलगी एकटी पायरीवर बसलेली, संपलं.

कुठला परवा, बाई? मागचा की पुढचा? हॉलमध्ये जे भांडण लागलं त्याने खालच्या मजल्यावरचे वाचक वर आले. मोटार शिकवणारे गृहस्थ म्हणाले की तो पुढच्या परवाला बोलावतो आणि ती मागच्या परवाला जाऊन बसते, चुकामूक झाली, हीच तर शोकांतिका. निम्म्या बायका ते ऐकून नव्याने रडल्या. मास्तर म्हणाले, दोघंही मागचाच म्हणतात. तुझी भाची फाटलेल्या तिकिटांचा डबा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, त्यांनी एकमेकांना कुठला परवा एवढं विचारलं का नाही, एका वाक्यात मिटलं असतं. तिला सगळ्यांनी गप्प बसवलं. मोठ्यांच्या भांडणात उत्तर घेऊन येणाऱ्याला आपल्याकडे जागा नसते.

लोकाग्रहास्तव चित्रपट १४ नोव्हेंबरला पुन्हा लावते आहे. तू ये आणि व्यासपीठावरून खुलासा कर. शेवटच्या रांगेत अण्णा असतील, हे लपवत नाही. ते दर शनिवारी येतात. सहा वर्षं तुम्ही बापलेक एकमेकांशी बोललेला नाहीत. आई गेल्यावर पंधरा दिवस एका घरात राहून तुम्ही माझ्यामार्फत मीठ मागितलंत. मी मधली म्हणून थकले. कारण कुणीच सांगत नाही.

ये. मग उरलेले आशीर्वाद मोकळे करीन.

तुझ्यावर जीव असलेली, पण त्याची जाहिरात न करणारी,
ताई


१७ ऑक्टोबर

ती. ताईस,

छोटीचा वाकून नमस्कार. कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या सगळ्यांनाच वाकून करते, दूधवाल्यालाही.

तुझ्या अठ्ठावन्न रसिकांना माझा दंडवत. कापडाची चौकशी निर्मात्यांकडे पोचवते. मास्तरांना सांग, बावीस दिवसांनी मोठी झाल्याने मुलीला काही फरक पडत नाही. बेचाळीस वर्षांनी मोठं होऊनही काहींना पडत नाही.

खुलासा मागतेस, तर घे. माझं काम काय आहे हे तुमच्या घरात कुणी कधी विचारलं नाही. अण्णांच्या मते मी टीव्हीच्या खाली लिहिते. पडद्यावर एका वेळी दोन ओळी मिळतात, ओळीला जेमतेम पस्तीस अक्षरं. माणूस तावातावाने तीन वाक्यं बोलतो, तेवढ्या वेळात प्रेक्षक एकच वाचू शकतो. मग कापाकापी. आधी विशेषणं जातात, त्यांचं कुणाला वाईट वाटत नाही. मग 'अगं', 'अरे', 'हो ना', ज्यांच्यात खरं तर सगळं नातं असतं. शेवटी क्रियापद. क्रियापद गेलं तरी वाक्य चालतं, कोंबडीसारखं, मान कापल्यावर अंगणभर.

जपानीत त्या दोघांचे शब्द वेगळे आहेत. तो म्हणतो ते पुढच्या दोन दिवसांचं, ती म्हणते ते मागच्या दोन दिवसांचं. तो वाट बघायला सांगतो, ती आठवण काढते. चुकामूक वगैरे काही नाही, एकमेकांना नीट समजलेलं आहे. चुकामूक फक्त मराठीत होते. तुमच्या हॉलमधल्या बायका जपानात कुणीच न रचलेल्या शोकांतिकेवर रडल्या. त्याचं श्रेय माझं, आणि मानधन तेवढंच.

मी येणार नाही. अण्णांचं कारण विचारतेस. तू मला फोन केलास त्या रात्री मी निघाले, पहाटे दारात उभी राहिले. आई आदल्या दिवशी गेलेली. अण्णांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, सुट्टी मिळाली वाटतं. बॅग खाली ठेवायच्या आत. त्यावर काय बोलायचं असतं ते मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की येईन.

भाचीला सांग, तिचा मुद्दा बरोबर आहे, आणि बरोबर मुद्दे जपून वापरायचे असतात.

ताजा कलम: एक काम कर. ती कार्डं टाकली नसशील. नीट मोजून सांग, किती जणांना मागचा परवा वाटला आणि किती जणांना पुढचा. अदमासे नको. मोजून.

माया पातळ होऊ देऊ नकोस,
छोटी


२३ ऑक्टोबर

चि. छोटीस,

आशीर्वाद, पूर्ववत निम्मे.

मोजलं. दोन वेळा मोजलं, कारण पहिल्यांदा आजींचं कार्ड दोन्हीकडे धरलं गेलं. एकूण बावन्न कार्डं. मागचा परवा म्हणणारे सत्तावीस. पुढचा म्हणणारे एकोणीस. चौघांना तो काळजीवाला शब्द वाटला. त्यांच्या मते मुलगा म्हणतो 'तुझी पर्वा आहे' आणि मुलगी म्हणते 'मलाही'. चौघंही अविवाहित आहेत, मी चौकशी केली. प्राध्यापकांना तिन्ही अर्थ एकदम अभिप्रेत वाटले, आणि ते सांगायला ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. झाले एकावन्न.

बावन्नावं कार्ड अण्णांचं. त्यावर नाव नाही, पण चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला नाव लिहायची गरज नसते. लाल शाई. ग्रंथसूचीच्या बाजूला, समासात, तुझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका, पडद्यावर किती वाजता आल्या त्या वेळेसकट. कोऱ्या बाजूला लिहिलं आहे की उपशीर्षकं लिहिणाऱ्याचा कान चांगला आहे, माणसं बोलतात तशी बोलतात, मात्र शेवटच्या 'परवा'ला क्रियापद नाही, आणि क्रियापद खाणारा माणूस वाचणाऱ्याला वाऱ्यावर सोडतो. तू लिहिली आहेस हे त्यांना ठाऊक नाही. शेवटच्या नावांत फक्त तुझ्या कंपनीचं नाव येतं, आणि मी बोलले नाही. अण्णांनी परक्या माणसाचं कौतुक केलं की ते खरं असतं.

मी छापलेल्या प्रश्नाला, म्हणजे कुठल्या दिवशी मागे जाल याला, त्यांचं उत्तर: कुठेही नाही. छापून झालेल्या मजकुरात हात घालता येत नाही. फार तर शुद्धिपत्र जोडावं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी तुला वर्षभर सांगितलेली नाही. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मधलं दिसणं गेलं आहे, डावा त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणतात थांबवता येईल, परत आणता येणार नाही. पुस्तक वाचता येत नाही, भिंग लावून एका तासात अर्धं पान होतं आणि मग चिडचिड. ते दर शनिवारी का येतात, याचं कोडं मला यंदा उलगडलं. त्यांना चित्रपटांत काडीचा रस नाही. पडद्याच्या खालची अक्षरं हातभर मोठी असतात. भिंगाशिवाय वाचता येतं असं आता तेवढंच उरलं आहे. कालच मी वर्षभराच्या खेळांची यादी काढून बघितली. त्यातले नऊ तू लिहिलेले होते.

आता तू सांग. तुला हा आकडा कशाला हवा होता? ताजा कलमात लिहिलेली गोष्टच मुख्य असते, हे मला वाचनालयात बसून चांगलं कळतं.

वाट बघणारी,
ताई


२९ ऑक्टोबर

ती. ताईस,

नमस्कार.

सत्तावीस. म्हणजे निम्म्याहून जास्त. मी तो आकडा कागदावर लिहून दिव्यापाशी टाचला आहे.

सांगते. आईच्या ऑपरेशनचं अचानक ठरलं तो मंगळवार होता. तू तिच्यापाशी होतीस, मला कळवायचं अण्णांनी अंगावर घेतलं. त्यांनी जन्मात पहिल्यांदा मोबाइलवर निरोप टाइप केला. तो मी अजून पुसलेला नाही. 'आईचं ऑपरेशन परवा. काळजी नको.' एवढाच.

मी तो मागचा परवा वाचला. 'काळजी नको' होतं ना पुढे. म्हणजे रविवारी उरकलं, आई बरी आहे, आणि मला दोन दिवसांनी कळवताहेत. मला राग आला. धाकटीला नेहमी शेवटी सांगतात, हे माझं जुनं रडगाणं तुला पाठ आहे. मी उत्तर पाठवलं, 'झालं ते बरं झालं. सुट्टी मिळाली की येते.' आणि मग मी रुसले. बुधवारी मुद्दाम फोन केला नाही. ताई, मी मुद्दाम केला नाही. गुरुवारी सकाळी आईला आत नेलं तेव्हा मी इथे एका चित्रपटातल्या विनोदाला मराठी विनोद शोधत होते.

रात्री तुझा फोन आला, तेव्हा परवा कुठला होता ते कळलं. पण ते कुणाला सांगणार? शब्दांवर पोट भरते, आणि आपल्या घरातला एक शब्द वाचता आला नाही. सबब म्हणून ती इतकी हुशार वाटते की खरी वाटणार नाही. आणि अण्णा दारातच ते वाक्य बोलले. मला वाटलं, त्यांना सगळं कळलं आहे आणि त्यांनी क्षमा केलेली नाही.

आता त्या जपानी पोरांचं. तिथे जागा होती. 'परवा भेटू' आणि 'परवा भेटलो' आरामात बसत होतं, आधी तसंच लिहिलंही होतं. फाईल पाठवायच्या आदल्या दिवशी मी दोन्ही क्रियापदं पुसली. बघू, आणखी कोण फसतं. चांगल्या घरातल्या बाईने असं करू नये, पैसे घेऊन तर मुळीच नाही. पण सत्तावीस माणसं फसली, ताई. त्यात एक गणिताचे मास्तर आहेत. मी एकटीच मूर्ख किंवा एकटीच दुष्ट नव्हते.

नऊ चित्रपटांचं तू लिहिलंस, ते मी एकदाच वाचलं. पुन्हा वाचवत नाही.

यातलं अण्णांना काही सांगू नकोस.

तुझी,
छोटी


४ नोव्हेंबर

चि. छोटीस,

या वेळी पूर्ण आशीर्वाद, मागची बाकी धरून.

तू अण्णांना सांगू नकोस म्हणालीस. मी सांगितलं नाही, वाचून दाखवलं. दोन्हीत फरक आहे. ग्रंथपाल आहे, मला विचार.

त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर त्यांनी तुझा निरोप, म्हणजे त्यांचाच, पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, क्रियापद नाही. एवढंच. नंतर टेबलाच्या खणातून तो जुना मोबाइल काढायला लावला. चार्जर सापडेना, तुझ्या भाचीने कुठून तरी जोडून दिला. त्यात तुझं उत्तर होतं. पाठवलेलं मंगळवारी. आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की अण्णा दोन दिवस तो मोबाइल खणात ठेवून दवाखान्यात बसले होते. तू निघालीच असशील, निरोपाला उत्तर कशाला बघायचं, असं त्यांनी धरलं होतं. ते घरी आले गुरुवारी संध्याकाळी, आई गेल्यावर, कुणाचा तरी नंबर शोधायला. तेव्हा त्यांनी ते उघडलं.

'झालं ते बरं झालं. सुट्टी मिळाली की येते.'

आता तू हे गुरुवार संध्याकाळच्या माणसाच्या डोळ्यांनी वाच.

मी दोघांनाही बोलणार होते. भाषण तयार होतं, त्यात म्हणी होत्या. पण तुझी भाची जमिनीवर बसून चार्जरची वायर धरून होती, कारण सोडली की मोबाइल बंद पडत होता. ती म्हणाली, म्हणजे सहा वर्षं कुणीच विचारलं नाही, कुठला परवा? या वेळी तिला कुणी गप्प बसवलं नाही. अण्णांनी जाड निबाचं पेन मागितलं.

सोबतचं त्यांचं आहे. मी ते वाचलेलं नाही, असं त्यांना सांगितलं आहे.

ताई


४ नोव्हेंबर

चि. छोटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पूर्ण लिहिले आहेत. संक्षेपांनी आपल्या घराचं पुरेसं नुकसान केलं.

अक्षर मोठं आहे, कारण मला ते दिसायला हवं. पानावर सहाच ओळी बसतात. तू दोनांत भागवतेस, हे ताईने सांगितल्यावर मला तुझ्या कामाची कल्पना आली. ते टीव्हीच्या खाली लिहिणं नव्हे. मी चुकीचं म्हणत होतो.

तुझ्या चित्रपटात मी सात चुका काढल्या. त्यांतल्या दोन माझ्या डोळ्याच्या निघाल्या. पाच तुझ्या आहेत. समक्ष दाखवीन.

तुला दारात जे बोललो, ते तुझं उत्तर वाचून बोललो. ते उत्तर दोन दिवस जुनं आहे, हे मी पाहिलं नाही. निरोपावर तारीख होती. आयुष्यभर लोकांच्या तारखा तपासल्या, आपल्या घरी आलेली तपासली नाही. मग सहा वर्षं वाट बघितली की तू खुलासा करशील. मुद्रितशोधक शंका आली की समासात प्रश्नचिन्ह काढतो, लेखकाला विचारतो. मी विचारलं नाही. पोरगी विचारते ते बरोबर आहे.

'काळजी नको' असं लिहिलं, ती चूक सर्वांत मोठी. तुला काळजी वाटू नये म्हणून लिहिलं होतं. मला फार वाटत होती. तुझ्या आईने सांगितलं होतं की नुसतं 'ये' असं लिहा. मला ते अपुरं वाटलं.

यापुढे आपल्यात परवा नको. तारीख लिहितो. शनिवार, १४ नोव्हेंबर, संध्याकाळी पाच. शेवटची रांग, माझ्या उजवीकडची खुर्ची. उजव्या बाजूचं मला आता कमी दिसतं, तिथे माहितीचं माणूस असलेलं बरं. खुर्ची मोडकी नाही, बसून पाहिली आहे.

व्यासपीठावर जाऊन कुणाला खुलासा करू नकोस. भांडू देत. ताईच्या वाचनालयात एवढी माणसं प्रथमच आली.

छापलेल्या मजकुरात हात घालता येत नाही, म्हणून खाली जोडतो आहे.

शुद्धिपत्र

अशुद्ध: आईचं ऑपरेशन परवा. काळजी नको.

शुद्ध: आईचं ऑपरेशन गुरुवारी आहे. मला काळजी वाटते. ये.

लोभ आहे. क्रियापद तपासून घ्यावं.

अण्णा